पावतीची मागली बाजू

इतिहासाच्या मास्तराला यंत्रातले काय कळते, असे आमच्या घरी सर्वांचेच मत आहे आणि ते खोडून काढण्याचे धाडस मी करणार नाही. सारी हयात मी साताऱ्यास मुलांकडून सनावळ्या घोकून घेतल्या. निवृत्त झाल्यावर आजोबांच्या अकरा रोजनिशा उघडल्या. त्या मोडीत आहेत. त्यांचे बाळबोधीत लिप्यंतर करून ते संगणकावर उतरवावे, हा उतारवयातला माझा एकमेव उद्योग. २०२३ सालच्या पावसाळ्यापर्यंत त्यातल्या सात वह्या पुऱ्या झाल्या होत्या.

संगणक जुना झाला होता. मोडी पानांची मोठी छायाचित्रे उघडली की तो धापा टाकू लागे. आमच्या आळीत एक तरुण मुलगा संगणक दुरुस्तीचे काम करतो. कधीकाळी तो माझाच विद्यार्थी. त्याला बोलावले. त्याने यंत्राचा डबा उघडून पाहिला आणि म्हणाला, "सर, बाकी सगळं ठीक आहे. रॅम कमी पडतेय. आणखी एक पट्टी घालू." पट्टी आली, बसली, पैसे दिले, पावती घेतली. यंत्र तरण्या वासरासारखे पळू लागले.

आणि मग एके दिवशी ते बंद पडले. कारण नाही, सूचना नाही. पडदा निळा झाला, काही इंग्रजी अक्षरे दिसली आणि यंत्र आपले आपण पुन्हा सुरू झाले. दुसऱ्या दिवशी काही नाही. तिसऱ्या दिवशी दोनदा. कधी सकाळी गारव्यात, कधी भर दुपारी. कधी मी लिहीत असताना, तर कधी नुसता चहा पीत असताना. विजेचा दाब तपासला, पंख्यातली धूळ झाडली, हिने तर यंत्रावरून मीठमोहऱ्याही उतरवून टाकल्या. उपयोग शून्य. शेवटी एका रात्री सहाव्या वहीची फाइल उघडेना. चार महिन्यांचे काम त्यात होते.

आता माणसाच्या मनाची गंमत पाहा. यंत्र कशाने बिघडले हे मला कळत नव्हते. पण कोणी बिघडवले हे मात्र एका क्षणात कळले. यंत्राला हात कोणी लावला होता? त्या मुलाने. झाले! मी त्याला बोलावले आणि चारचौघांत विचारले, "काय रे, चांगली पट्टी काढून जुनीपानी तर नाही ना बसवलीस?" त्याचा चेहरा उतरला. तो काहीतरी सांगू पाहत होता. मी ऐकून घेतले नाही. "सर, तुम्ही असं म्हणाल असं वाटलं नव्हतं," एवढेच बोलून तो जिना उतरला. त्यानंतर तो आमच्याकडे फिरकला नाही.

•

यंत्र आजारी असल्याने हाताला काम नव्हते. मग मी माझा जुना धर्म पाळला. ज्या गोष्टीने सतावले तिचा इतिहास शोधू लागलो. तेव्हा ध्यानात आले, की अवचित बंद पडण्याचा हा रोग संगणकाइतकाच जुना आहे आणि प्रत्येक पिढीतल्या थोर थोर माणसांना त्याने रडवले आहे.

पहिली मोठी इलेक्ट्रॉनिक गणकयंत्रे काचेच्या निर्वात नलिकांवर चालत. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या विद्यापीठात तयार झालेले आणि १९४६ साली लोकांपुढे आलेले 'एनिअॅक' हे त्यांतले सर्वांत गाजलेले यंत्र. त्यात जवळजवळ १८,००० नलिका होत्या. हजारो दिव्यांच्या रोषणाईत रोज एखादा दिवा जावा, तशी एखादी नलिका जायची आणि हिशेब चुकायचा. नलिका बहुधा यंत्र सुरू करताना आणि बंद करताना, म्हणजे तापताना आणि निवताना जातात, हे तेथील लोकांच्या लक्षात आले. मग त्यांनी उपाय काढला तो असा, की यंत्र शक्यतो बंदच करायचे नाही! अग्निहोत्र्याने अग्नी राखावा तसे त्यांनी ते राखले. एवढे करूनही अखंड चालण्याचा त्याचा विक्रम ११६ तासांचा, म्हणजे पुरते पाच दिवसही नाहीत. आणि तोही १९५४ सालचा.

दुसरी कथा बहुतेकांच्या कानावर आली असेल. हार्वर्ड विद्यापीठाच्या 'मार्क दोन' यंत्रात ९ सप्टेंबर १९४७ रोजी एक बिघाड झाला. शोधता शोधता एका विद्युत्-कळीत अडकलेला पतंग सापडला. तिथल्या मंडळींनी तो चिकटपट्टीने रोजवहीच्या पानावर डकवला आणि खाली नोंद केली, की किडा खरोखर सापडल्याची ही पहिलीच खेप. बिघाडाला 'किडा' म्हणण्याची चाल त्याआधीचीच. एडिसनने १८७८ साली तो शब्द वापरला आहे. या नोंदीतला विनोद त्यावरच आहे. ती वही आज अमेरिकेतील राष्ट्रीय इतिहास-संग्रहालयाकडे आहे. मला मात्र पतंगापेक्षा त्या वहीचे महत्त्व अधिक वाटले. बिघाड झाल्या क्षणी वेळ, जागा आणि कारण टिपून ठेवणारी माणसे होती, म्हणून आज ही कथा सांगता येते.

तिसरी कथा मला सर्वांत आवडली. मॅसॅच्युसेट्समधील 'एमआयटी' संस्थेत १९५१ साली 'व्हर्लविंड' नावाचे यंत्र सुरू झाले. त्याच्या शिल्पकारांनी नलिका मरण्याची वाट पाहिली नाही. ते मुद्दाम यंत्रातील विजेचा दाब थोडा कमीजास्त करून पाहत. निरोगी नलिका तो ताण सोशी. जी आतून खचली असेल ती तिथल्या तिथे उघडी पडे. मग ती काढून टाकायची. आपल्या बायका बाजारात मडके घेताना टिचकी मारून पाहतात ना? अगदी तीच रीत! याच यंत्रातील नळ्यांची जुनी स्मृती काढून १९५३ साली जे फॉरेस्टर यांनी चुंबकीय कड्यांची नवी स्मृती बसवली. नव्या अवयवाने यंत्र सुधारले, त्याचे हे ठळक उदाहरण. पूर्वी देखभालीला दिवसाला चार तास लागत, ते आठवड्याला दोनवर आले.

या कड्यांच्या स्मृतीशी आपला मुंबईचा संबंधही आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रं. नरसिंहन आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी स्वतः बांधलेले गणकयंत्र १९६० साली कामाला लागले, त्यातही अशीच चुंबकीय स्मृती होती. २,०४८ शब्द साठवण्याची तिची ऐपत. आज मुलांच्या खेळण्यातही याहून जास्त असते. १९६२ साली पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण झाले. त्यातही सुमारे २,७०० नलिका होत्या. त्या सांभाळणाऱ्यांच्या रात्री कशा गेल्या असतील, याची मला आता थोडी कल्पना येते.

•

यंत्र चुकते, हे मान्य केल्यावर पुढचा प्रश्न असा, की चूक ओळखायची कशी? 'बेल' प्रयोगशाळेत रिचर्ड हॅमिंग नावाचे गणिती होते. त्यांना गणकयंत्र मिळे ते शनिवार-रविवारी, माणसे घरी गेल्यावर. यंत्राला चूक झाल्याचे कळे, पण सावरायला जवळ कोणी नसे. मग ते काम टाकून देऊन पुढच्या कामाला लागे. सलग दोन आठवडे असे झाले आणि सोमवारी हॅमिंगच्या हाती काहीच लागले नाही. त्यांना चीड आली. चूक झाली एवढे यंत्राला कळते, तर ती कुठे झाली हे शोधून त्याने ती दुरुस्त का करू नये? या चिडीतून जे गणित जन्मले ते १९५० साली प्रसिद्ध झाले आणि आज साऱ्या जगाचे व्यवहार त्याच्या आधाराने चालतात.

त्यातली मूळ कल्पना आपल्या जुन्या कारकुनांना समजावी लागली नसती. तक्त्यातील आकड्यांची आडवी बेरीजही करायची आणि उभीही. एखादा आकडा चुकला, तर एक आडवी ओळ आणि एक उभा रकाना जुळत नाही. दोन्ही जिथे छेदतात तिथे चोर! हॅमिंग यांची युक्ती याहून पुष्कळ काटकसरीची आहे, पण जात तीच. थोडे जादा आकडे पहाऱ्याला ठेवायचे, म्हणजे बाकीच्यांवर लक्ष राहते. मोठ्या संस्थांच्या संगणकांत असे पहारेकरी आजही असतात. घरगुती यंत्रांतून मात्र १९९० नंतरच्या दशकात ते काटकसरीपायी वगळले गेले आणि आजही ते तिथे पुरतेपणी परतलेले नाहीत. आमच्या यंत्रात पहारेकरी असता, तर सहावी वही वाचली असती.

•

आता मूळ विषयाकडे येतो. नवी, सुधारलेली स्मृती बसवली आणि यंत्रे अवचित चुकू लागली, असा अनुभव एकदा साऱ्या जगाला एकदम आला. ते साल १९७८ च्या आसपासचे.

तोवर कडी जाऊन सिलिकनच्या चिपा आल्या होत्या. या चिपेत एकेक अंक म्हणजे विजेचा एकेक चिमुकला साठा. गळक्या लोट्यांची एक रांग कल्पनेत आणा. भरलेला लोटा म्हणजे एक, रिकामा म्हणजे शून्य. आणि गळती असल्याने सेकंदातून अनेकदा सारे लोटे पाहून भरलेले पुन्हा काठोकाठ भरायचे. चिपेत जितके जास्त लोटे मावावेत, तितका प्रत्येक लोटा लहान करावा लागतो. चार हजारांच्या जागी सोळा हजार लोट्यांची चिप आली आणि विचित्र चुका दिसू लागल्या. एखादा अंक आपोआप बदलायचा. तिथेच पुन्हा लिहिले की मुक्काट टिकायचा. चिप तपासावी तर ठणठणीत! पुन्हा कितीही वाट पाहिली तरी तीच चूक त्याच जागी येत नसे.

'इंटेल' कंपनीतील टिमथी मे आणि मरे वुड्स यांनी हे कोडे सोडवले आणि १९७८ सालच्या एका परिषदेत मांडले. दोष चिपेचा नव्हता. ती ज्या चिनीमातीच्या कोशात बसवली होती त्या कोशाचा होता. त्या मातीत युरेनियम आणि थोरियम यांचा अगदी सूक्ष्म अंश होता. त्यातून मधूनच एखादा अल्फा कण सुटे आणि सिलिकनमध्ये घुसे. असा एक कण दहा लाखांहून अधिक इलेक्ट्रॉन मोकळे करू शकतो आणि चिमुकल्या लोट्यातला साठाही जवळपास तेवढ्याच इलेक्ट्रॉनांचा. एका कणाने लोटा लवंडे! कोशांचा कारखाना एका नदीकाठी होता आणि वरच्या अंगाला युरेनियमच्या सोडून दिलेल्या खाणीचा गाळ पडला होता, असे या प्रकरणाचे वृत्तान्त सांगतात.

मग 'आयबीएम' कंपनीतील जेम्स झीग्लर आणि येल विद्यापीठातील विल्यम लॅनफर्ड यांनी १९७९ साली प्रश्न केला, की मातीतला कण जर अंक पालटू शकतो, तर आकाशातून अहोरात्र बरसणाऱ्या विश्वकिरणांचे काय? पुढे प्रयोग झाले. लेडव्हिल या दहा हजार फूट उंचीच्या डोंगरी गावी यंत्रे नेली, तेव्हा चुका कितीतरी पटींनी वाढल्या. खडकाच्या जाड थराखाली ठेवली, तेव्हा त्या जवळजवळ नाहीशा झाल्या.

हे वाचताना मला आपल्या होमी भाभांची आठवण झाली. एक विश्वकिरण वातावरणात शिरून कणांचा पाऊस कसा पाडतो, याचे गणित त्यांनी हाइटलर यांच्यासह १९३७ साली मांडले, तेव्हा आजच्या अर्थाने संगणक जन्मालाही आला नव्हता. त्यांच्याच संस्थेतले शास्त्रज्ञ पुढे कोलारच्या सोन्याच्या खाणीत खोल उपकरणे घेऊन उतरले, ते खडकाखाली हा पाऊस किती विरळ होतो हे मोजायला. १९६५ साली याच खाणीत वातावरणातील न्यूट्रिनोंच्या खुणाही सापडल्या. ज्ञानाची वाट कुठून निघते आणि कोणाच्या दाराशी येते, सांगता येत नाही!

'आयबीएम'मधील आणखी एक शोध तर गुप्तहेराच्या कादंबरीत शोभावा. १९८६-८७ साली त्यांच्या अमेरिकेत बनलेल्या काही चिपा एकाएकी फार चुकू लागल्या. युरोपात बनलेल्या मात्र शुद्ध. चिपांमध्ये पोलोनियम हे किरणोत्सर्गी द्रव्य निघाले. ते आले कुठून? कारखान्यात एकेक वस्तू तपासत माग काढला, तो एका आम्लाच्या बाटल्यांशी पोचला. पण आम्लही निर्दोष! दोष बाटल्यांचा होता. बाटल्या धुणाऱ्या यंत्रात धूळ झटकण्यासाठी पोलोनियमचा वापर होता आणि ते गळत होते. चिपेचा आळ आम्लावर, आम्लाचा बाटलीवर, बाटलीचा धुणाऱ्या यंत्रावर. मधल्या कोणा एकाला धरून चौकशी थांबवली असती, तर निरपराध्याला शिक्षा झाली असती.

हे वाचून माझा जीव चरकला. मी कुठे थांबलो होतो?

•

त्यातच एक पळवाटही दिसली होती. बेल्जियममध्ये १८ मे २००३ च्या निवडणुकीत शारबेक येथे एका उमेदवाराला ४,०९६ मते जास्त पडल्याचे आढळले. हा आकडा म्हणजे दोनाचा बारावा घात. एकच अंक पालटला की नेमका एवढाच फरक पडतो. आज्ञावलीत काही दोष मिळाला नाही. तेव्हा विश्वकिरणाचा संभव सांगण्यात आला. वाटले, आपलेही तेच असेल! आकाशावर आळ घातला की कोणाची क्षमा मागायला नको.

पण तेही टिकले नाही. 'गूगल'च्या हजारो यंत्रांचा अभ्यास करून २००९ साली प्रसिद्ध झालेला एक प्रबंध सांगतो, की वर्षाकाठी साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या यंत्रांत स्मृतीची निदान एक तरी चूक होते. पण त्यांतल्या बहुतेक चुका आकाशातून येत नाहीत, त्या अवयवांच्या खऱ्याखुऱ्या दोषाच्या असतात. विश्वकिरण कधीतरी येणारा पाहुणा. तो रोज दुपारी चहाला येत नसतो.

तेव्हा शोध घरातच घ्यायला हवा होता. स्मृती तपासण्यासाठी क्रिस ब्रॅडी यांनी १९९४ साली लिहिलेली 'मेमटेस्ट८६' ही आज्ञावली प्रसिद्ध आहे. ती स्मृतीच्या प्रत्येक घरात ठरावीक नक्षीने शून्ये आणि एक लिहिते, परत वाचते आणि फरक पडला तर ओरडते. तीही मडक्याची टिचकीच! पुस्तकी नियम असा, की एका वेळी एकच गोष्ट बदलावी. शेजारच्या कॉलेजकुमाराला हाताशी धरून एका रात्री फक्त जुनी पट्टी ठेवली. निर्दोष. दुसऱ्या रात्री फक्त नवी. तीही निर्दोष! वसुबारसेच्या रात्री दोन्ही एकत्र बसवल्या आणि अर्ध्या तासात पडदा लाल रेघांनी भरला.

दोन्ही बैल चांगले, पण जोडी जुळेना. असे का? तेव्हा कुठे मी इतिहासाच्या विद्यार्थ्याने पहिल्या दिवशी करायला हवे ते केले. सनावळी मांडली. बिघाडांची नोंद मी ठेवली होती. पहिली होती २४ सप्टेंबरची. पट्टी कधी बसवली? मला वाटत होते, आदल्याच आठवड्यात. पावती शोधून काढली. तिच्यावर तारीख होती २१ ऑगस्ट. म्हणजे पट्टी बसल्यावर महिनाभर यंत्र बिनतक्रार चालले होते! मग मधल्या काळात काय घडले? गणपती. पुण्याचा पुतण्या गौरी-गणपतीला आला होता. "काका, तुमच्या रॅमचा खरा वेग तर बंदच ठेवलाय," असे म्हणून त्याने यंत्राच्या अंतरंगात शिरून वेगाची एक कळ दाबली होती. मी शेजारी बसून कौतुकाने मान डोलावली होती. गौरींचे विसर्जन झाले २३ तारखेला आणि दुसऱ्या दिवसापासून यंत्र पडू लागले.

पावती उलटून पाहिली. मागल्या बाजूला पेन्सिलीने, त्या मुलाच्या ओळखीच्या अक्षरात, दोन ओळी होत्या: "पट्ट्या वेगवेगळ्या जातीच्या आहेत. वेग साधाच ठेवावा, वाढवू नये." त्या दिवशी तो हेच सांगू पाहत होता.

उभा जन्म मी मुलांना शिकवले, की कागदाची मागली बाजूही वाचावी. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली म्हणून कावळ्याला दोष देऊ नये. माझ्या वेळी तर कावळा आणि फांदी यांच्यात महिन्याचे अंतर होते, तरी मी कावळ्यालाच दगड मारला.

वेग पूर्ववत साधा केला. दोन्ही पट्ट्या रात्रभर तपासल्या. एकही चूक नाही. तेव्हापासून आजतागायत यंत्र अवचित बंद पडलेले नाही.

नरक चतुर्दशीला अभ्यंगस्नान उरकून, हिने भरून दिलेले फराळाचे ताट घेऊन मी त्या मुलाच्या घरी गेलो. बिघाड सापडल्याचे सांगितले, पावती पुढे केली आणि म्हटले, "बाळ, चूक माझी होती. चारचौघांत बोललो, तर क्षमाही चारचौघांतच मागतो." त्याची आई, भावंडे सगळी बाहेर आली होती. तो संकोचून म्हणाला, "राहू द्या, सर." मग पावती हातात घेऊन क्षणभर पाहत राहिला आणि विचारले, "ती फाइल अजून आहे का? टाकून नाही ना दिली?"

फाइल तशीच होती. पाडव्याला तो येऊन बसला आणि सहाव्या वहीतली निम्म्याहून जास्त पाने त्याने परत मिळवून दिली. उरलेली मी पुन्हा लिहिली. मूळ वह्या माझ्याजवळ होत्याच. कागदाला अजून तरी वेगाची कळ नाही.